वाळूच्या पट्ट्याचा बंदोबस्त

३ मार्च १९७४, रविवार

ऑफिसच्या डायरीत धरणाची पातळी, गेटला लावलेलं ग्रीस आणि हजर मजूर एवढंच लिहायचं असतं. आज जे घडलं ते तिथं लिहिलं तर वरचे लोक मला वेड्यात काढतील. म्हणून हे घरी, स्वतःपुरतं.

सिद्धेश्वरच्या जलाशयाला काठ मैलोगणती आहे, पण माणसाला धड उतरता येईल असा वाळूचा पट्टा एकच, आमच्या कॉलनीच्या खालचा. बाकी सगळा चिखल, नाहीतर खडक. त्यामुळं बायांचं धुणं तिथंच, म्हशी तिथंच, पोरांचं पोहणं तिथंच आणि औंढ्याला नागनाथाचं दर्शन करून आलेल्या मंडळींचे डबेही तिथंच उघडतात. त्यात रविवारी हिंगोलीहून गळवाले येतात. त्यांचा म्होरक्या गुलाबसिंग, त्याचं हिंगोलीत सायकलीचं दुकान आहे. बांबूची लांब काठी, तिला नायलॉनची तंगूस, तंगुसाला शिसं आणि गळ. काठी डोक्यावरून मागं नेऊन तो अशी फेकतो की गळ पार खोल पाण्यात जाऊन पडावा.

आज गळ मागं गेला आणि मालनबाईच्या वाळत घातलेल्या लुगड्यात अडकला. गुलाबसिंगनं मागं न बघता काठी पुढं हाणली. हिरवं नऊवारी लुगडं निम्मं हवेतून आणि निम्मं लोकांच्या भाजी-भाकरीवरून फरफटत पाण्यात गेलं. मालनबाई सिद्धेश्वर गावातल्या शेतकरी घरची, पन्नाशीची, आवाज एसटीच्या भोंग्यासारखा. पण ती ओरडली नाही. तिनं तंगूस धरली आणि हाताला पदराचं टोक गुंडाळून ती ओढत ओढत गुलाबसिंगपर्यंत पोहोचली. काठी त्याच्या हातात होती म्हणून तोही ओढला गेला. गुडघाभर पाण्यात दोघांची जी बोलाचाली झाली ती लिहीत नाही.

नेमके आमचे उपविभागीय साहेब पाहुण्यांना धरण दाखवायला आले होते. त्यांनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, पाईकराव, महिनाभरात या पट्ट्याचा बंदोबस्त करा. नाहीतर पूर्ण काठाला काटेरी तार ठोकतो, कोणीच खाली उतरायचं नाही.

तार ठोकली तर बायांना धुण्यासाठी लांबच्या ओढ्याला जावं लागेल, आणि ओढा चैत्रात आटतो. ओव्हरसियर मी आहे, शिव्या मला बसणार.

जेवताना बायकोला, मंजुळाला, सगळं सांगितलं. ती हसली नाही. लुगडं फाटलं का, विचारलं. मग गळ केवढा होता, विचारलं. बायकांना कशाचं काय पडलेलं असतं, कळत नाही.

५ मार्च, मंगळवार

पट्ट्याचे भाग पाडले. वाळूवर चुना टिकत नाही, म्हणून ओळीनं दगड मांडून त्यांना चुना दिला. डावीकडं धुणं आणि पोहणं, उजवीकडं गळ, मधून म्हशी. चौकीदार ग्यानोबा म्हणाला, "म्हशींला कोन सांगंल, साहेब?" मी त्याला आपलं काम बघायला सांगितलं.

काम झाल्यावर लांबून पाहिलं. पट्टा एकदम सरकारी दिसत होता. समाधान वाटलं.

९ मार्च, शनिवार

समाधान चार दिवसही टिकलं नाही. कालव्याला पाणी सोडलंय, जलाशय रोज मागं हटून राहिलाय. पाणी सरकलं तसं बायांच्या बाजूला नुसता चिखल राहिला आणि त्यांनी आपले धुण्याचे सपाट दगड गळवाल्यांच्या हद्दीत नेले. आज धुळवड. पोरांनी माझ्या दगडांवरचा चुना खरवडून एकमेकांच्या तोंडाला फासला. दोन दगड ग्यानोबाच्या चुलीला लागलेले मी स्वतः पाहिले. तो म्हणाला, ते आधीपासूनच तिथं होते. त्यांना चुना होता.

मंजुळा भाकर वाढताना म्हणाली, "भांडण जिमिनीचं कुठं हाय. डोक्यावरच्या हवेचं हाय." मी म्हटलं, तुला त्यातलं काय कळतं.

रात्री अंथरुणात पडल्या पडल्या मला एकदम उपाय सुचला. जागा वाटण्यात अर्थ नाही. गळ डोक्यावरून फेकायलाच बंदी करायची. बाजूनं फेका म्हणावं. असं काही सुचलं की वाटतं, डिप्लोमा वाया गेला नाही.

१० मार्च, रविवार

बंदी जाहीर केली. गुलाबसिंग म्हणाला, बाजूनं फेकलं तर गळ लांब जात नाही. मी म्हटलं, सरकारी हुकूम. तो बाजूनं फेकू लागला.

बाजूनं म्हशी येत होत्या.

एका म्हशीच्या शेपटीच्या गोंड्यात गळ बसला. तिला लागलं काहीच नाही, पण शेपटीला काहीतरी धरून राहिलंय एवढं तिला कळलं आणि ती उधळली. आधी डब्याला बसलेल्या लोकांमधून, मग धुण्यामधून आणि शेवटी सरळ खोल पाण्यात. तिच्या मागं काठी पोहत गेली, काठीच्या मागं गुलाबसिंग, गुलाबसिंगच्या मागं म्हशीचा मालक शिव्या देत. औंढ्याहून आलेली एक म्हातारी हात जोडून बघत बसली होती. तिला वाटलं, दर वर्षीचा काही सोहळा असावा.

साहेबांना हे कळू नये एवढीच इच्छा. मन खरोखर खचलं. या खात्यात मी पहिल्यापासून सांभाळून राहिलोय. आमच्या समाजातला ओव्हरसियर म्हटल्यावर चुकीची वाट बघणारे थोडे नसतात.

मंजुळा म्हणाली, जागा नका वाटू, वेळ वाटा. सकाळी आणि संध्याकाळी गळवाले, दुपारी बाया. "दुपारच्याला मासा तसाबी तळाला जाऊन बसतो, म्हनं." मग म्हणाली, हुकमात गळवाले असं लिहू नका, पुरुष माणूस लिहा, म्हणजे म्हशीवालेही त्यात येतील.

मी तिला म्हटलं, बघतो.

११ मार्च, सोमवार

विचाराअंती वेळ वाटून देण्याचा निर्णय मी घेतला. दुपारी पट्ट्यावर पुरुष माणसानं यायचं नाही, असं वाक्य मुद्दाम केलं. त्यात म्हशीवालेही येतात. भाषा नेमकी असली की पळवाट राहत नाही. ग्यानोबाला दवंडी द्यायला पाठवलं.

१४ मार्च, गुरुवार

शांतता. सकाळी थोडे गळवाले, दुपारी नुसत्या बाया, संध्याकाळी पुन्हा गळवाले. कोणाचं लुगडं उडालं नाही.

काल रात्री घरी राहू माशाचं कालवण होतं. असा मोठा राहू मी इथं आल्यापासून खाल्ला नव्हता. कोणी दिला विचारलं तर मंजुळा म्हणाली, ग्यानोबानं. आज सकाळी त्याला मासा चांगला होता म्हणालो, तर तो आधी माझ्याकडं बघत राहिला. मग म्हणाला, "व्हय, व्हय. म्याच तर देल्ला." बिचारा भिडस्त आहे.

आणखी एक. इथं बदली झाली तेव्हा मनात धाकधूक होती की गावच्या बाया मंजुळाला धुण्याच्या दगडावर जागा देतील की नाही. माझ्या आईला कुठं जागा मिळायची ते मी विसरलेलो नाही. पण मालनबाईनं तिला आपल्या शेजारचाच दगड दिलाय, आणि आज तर आमच्याकडून कालवणाची वाटी घेऊन गेली. ओव्हरसियरच्या पदाला मान आहे म्हणायचा.

घरातली बडीशेप संपली. एवढ्यात कशी संपली, विचारलं. मंजुळा म्हणाली, पाहुणे आले होते. मला एकही पाहुणा आठवत नाही.

१७ मार्च, रविवार

गुलाबसिंगनं दोन्ही पक्ष माझ्या ओसरीवर आणले. तक्रार अशी, की सकाळ-संध्याकाळ बसूनही त्यांना मासा लागत नाही, कारण दुपारी कोणीतरी माशांना पोटभर खाऊ घालतंय. पट्ट्याच्या टोकाला बाभळ आहे, तिच्या आड. पुरावा म्हणून त्यानं तिथं सापडलेला गळाचा एक तरंगा आणि कणकेच्या गोळ्या माझ्या हातावर ठेवल्या. बडीशेपेचा वास येत होता.

"ये मामुली आदमी नाही, साहेब," तो म्हणाला. "मोरपिसाच्या नळीचा तरंगा लावतो. असा उस्ताद मी हिंगोलीत पाह्यला नाही. तो दुपारी बसत असंल तर आमीबी बसनार."

त्याचं बरोबर होतं. नियम एकाला एक आणि दुसऱ्याला एक चालणार नाही. मी मालनबाईला विचारलं, तुमच्यापैकी कोणाचा तरी माणूस तिथं लपून बसतो का?

मालनबाईनं पदर नीट केला. म्हणाली, "पांडुरंगाची आन घेऊन सांगते, दुपारी त्या बाभळीखाली एकबी गडी बसत न्हाई."

मागच्या बाया दुसरीकडं बघत होत्या. एकीला खोकला आला. मंजुळा चहाचे कप आणत होती, तिच्या हातून एका कपातला चहा बशीत सांडला. मला मालनबाईचं हे वागणं आवडलं नाही. देवाची खोटी शपथ घेणं बरं नव्हे. या उस्तादाला मी स्वतः पकडणार.

२० मार्च, बुधवार

दुपारी कोणाला न सांगता पट्ट्याकडं गेलो. नियमाप्रमाणं मी पुरुष माणूस असल्यामुळं जाऊ शकत नव्हतो, पण मी ड्यूटीवर होतो. निम्म्या उतारावर असतानाच मालनबाईनं भोंगा सुरू केला, "पाईकराव साहेब येऊन राह्यले गं बाई, डोक्यावर पदर घ्या." एवढ्या मर्यादेच्या बाया मी पाहिल्या नाहीत.

बाभळीआड कोणी नव्हतं. वाळूत कोणी बसल्याची खूण ताजी होती आणि एक पत्र्याचा डबा. आत मळलेली कणीक, बडीशेप घातलेली. मंजुळाही तिथं होती, हात कोपरापर्यंत ओले, चादर धुवायला आली म्हणाली. क्वार्टरला नळ असताना ओव्हरसियरच्या बायकोनं पट्ट्यावर येऊन धुवावं हे मला पटलं नाही. पण नळाचं पाणी कमी येतं म्हणाली. तिला या रखरखीत कॉलनीत करमत नसेल, असं वाटून वाईट वाटलं. पुढच्या महिन्यात माहेरी, नरसीला पाठवीन.

डबा जप्त करून घरी आणला. संध्याकाळी मंजुळा त्याच्याकडं बराच वेळ बघत होती. मी म्हटलं, आपल्या डब्यासारखाच आहे. ती म्हणाली, सगळे डबे सारखेच असतात. मग स्वयंपाकघरातला आपला डबा कुठं आहे विचारलं, तर म्हणाली, सापडत नाही.

घरात वस्तू जागेवर राहत नाहीत.

२४ मार्च, रविवार

पाडवा आणि रविवार एकाच दिवशी आले. औंढ्याहून गाड्याच्या गाड्या उतरल्या. वेळेची वाटणी कोणाला आठवत होती. नवे कपडे घातलेली लेकरं, गाठ्यांच्या माळा, म्हशी, गळ, सगळं एकाच पट्ट्यावर. मी शिट्टी वाजवून वाजवून दमलो.

कुठल्यातरी गावाहून आलेल्या एका तरुणानं हौसेनं कोणाची तरी काठी मागून घेतली आणि डोक्यावरून फिरवली. गळ मालनबाईच्या दंडात गेला. नुसता टोचला नाही, आत शिरला. यावेळी ती ओरडली. तो आवाज माझ्या कानातून अजून जात नाही. गुलाबसिंगनंच तंगूस दातानं तोडली आणि तिला हातांवर उचलून जीपपर्यंत आणलं. औंढ्याच्या दवाखान्यात चीर देऊन गळ काढावा लागला.

साहेबांना निरोप गेला. त्यांचा उलट निरोप आला की तार निघाली आहे.

मी कमी पडलो हे लिहायला हरकत नाही. दगड मांडले, हुकूम काढले, वाक्यं नेमकी केली, आणि एका बाईच्या दंडात गळ गेलाच. मंजुळा मालनबाईच्या घरी गेली ती दिवेलागणीपर्यंत आली नाही. आल्यावर चूलही पेटवली नाही. गूळ-शेंगदाणे खाल्ले.

२८ मार्च, गुरुवार

जे झालं ते जसंच्या तसं लिहितो.

तार येण्याआधी एक तरी काम पूर्ण करावं, निदान उस्ताद तरी साहेबांपुढं उभा करावा, असं ठरवलं होतं. म्हणून आज उतारावरून न जाता खडकांच्या बाजूनं, चिखलातून, चपला हातात घेऊन गेलो. मालनबाई पट्टी बांधून घरी होती, त्यामुळं भोंगा वाजला नाही. बाभळीच्या मागं पोहोचलो तर आडोशाला डोक्यावर टॉवेल गुंडाळलेला माणूस पाठमोरा बसलेला, हातात काठी, काठी धनुष्यासारखी वाकलेली. मी झडप घालून त्याचा खांदा धरला.

"सोडा," तो माणूस म्हणाला. "आधी मासा."

आवाज मंजुळाचा होता.

मी खांदा सोडला नाही. मला वाटतं, मला तेव्हा हात हलवताच येत नव्हता. तिनं मागं वळूनही पाहिलं नाही. तंगूस कधी सैल सोडत होती, कधी ओढत होती, आणि पाण्यात काहीतरी मोठं इकडून तिकडं फिरत होतं. "आता उभे काहून हाव," ती म्हणाली. "पान्यात उतरा. जवळ आला की खालून हात घाला. वरून धराल तर सुटंल."

मी उतरलो. पँट, शर्ट, खिशातली शिट्टी, सगळ्यासकट. मासा राहू होता, लेकराएवढा. एकदा माझ्या हातून निसटला आणि शेपटीनं तोंडात मारलं. दुसऱ्यांदा मी त्याला छातीशी कवटाळला आणि तसाच वाळूवर येऊन पडलो. धुण्याचा आवाज थांबला होता. सगळ्या बाया उभ्या राहून बघत होत्या. त्यातल्या एकीनंही डोक्यावर पदर घेतला नाही.

मंजुळानं गळ काढला, मासा पदराखाली झाकला आणि मग माझ्याकडं पाहिलं. मी काहीतरी बोलायला हवं होतं. मी म्हटलं, "टॉवेल माझा आहे."

"व्हय," ती म्हणाली.

२९ मार्च, शुक्रवार

काल संध्याकाळपासून मी बोललो नाही. आज सकाळी राहवलं नाही. म्हटलं, माझाच नियम माझ्या घरातून मोडला, आता मी लोकांना कोणत्या तोंडानं सांगू.

ती ज्वारी निवडत होती. म्हणाली, "नियम कुठं मोडला? पुरुष मानसानं यायचं न्हाई, असा नियम हाय. मी बाई हाव."

मला ते वाक्य कोणी सुचवलं होतं हे मी वर वाचून पाहिलं. मग मागची आणखी काही पानं वाचली. त्याबद्दल आज जास्त लिहीत नाही.

नरसीला कयाधूच्या डोहात तिचा बाप गळ टाकायचा आणि ही पोरगी त्याच्यासोबत बसायची. बापाला दम्याचा त्रास सुरू झाल्यावर हीच मासे आणायची. कणकेत बडीशेप घालायची युक्ती बापाची. मला यातलं काहीच माहीत नव्हतं. मी म्हटलं, सांगितलं का नाहीस.

ती म्हणाली, "तुमी कदी इचारलं व्हतं?"

मी आठवून पाहिलं. विचारलं नव्हतं.

मासा फार चांगला होता. हे तिला सांगितलं नाही.

२ एप्रिल, मंगळवार

ट्रकमधून तारेची भेंडोळी आणि लोखंडी खांब येऊन पडले. साहेबांचा तोंडी हुकूम, पाईकराव, काठाला कुंपण घाला, सोमवारी बघायला येतो.

संध्याकाळी ओसरीवर माणसं जमली. मालनबाई, दंडाला पट्टी. गुलाबसिंग, हिंगोलीहून मुद्दाम आलेला. गळ फेकणारा त्याचा माणूस नव्हता, तरी आल्या आल्या मालनबाईच्या पायाशी बसला. मंजुळा उंबऱ्यात बसली. आधी ती कधी अशी बसत नसे. मी तिला आत जा म्हटलं नाही.

गुलाबसिंगला सगळं कळलेलं दिसलं, कारण त्यानं आधी तिला नमस्कार केला, मग मला. म्हणाला, "उस्ताद, आता तुमीच सांगा."

मंजुळा म्हणाली, मी नाही सांगत. मालनबाईला लागलंय, ती सांगेल.

मालनबाईनं दंडावरची पट्टी चाचपली. म्हणाली, "आमाला काहून कोंडता? आमच्या हातात धुनं, लेकरायच्या हातात पानी. ज्याच्या हातात काटा हाय त्याला कोंडा."

गुलाबसिंग आपल्या तळहाताकडं बघत होता. त्यावर तंगुसाचे जुने वळ आहेत. शेवटी म्हणाला, "बराबर हाय, मावशी. आमाला तिन्ही बाजूनं तार ठोका. फक्त पान्याचं तोंड उघडं ठेवा."

मग सगळे एकदम बोलू लागले. टोकाला, बाभळीजवळ, तीन बाजूंनी उंच तार. गळ डोक्यावरून फेका, बाजूनं फेका, मागं आला तर तारेला अडकेल. बाकी पट्टा मोकळा. रविवारी वेळेची भानगड नको. इतर दिवशीची दुपार मात्र पूर्वीसारखी बायांचीच राहील, असं मालनबाईनं बजावलं, कारण दुपारी म्हशी नसतात आणि निवांत बोलता येतं.

मी विचारलं, साहेबांनी काठाला कुंपण घाला म्हटलंय, त्याचं काय? मंजुळा म्हणाली, "मंग काठालाच तर हाय."

हा उपाय माझा नाही, हे इथं लिहून ठेवतो.

८ एप्रिल, सोमवार

साहेब ऐन दुपारी आले. वरून त्यांना कुंपण दिसलं आणि ते खूश झाले. खाली उतरल्यावर त्यांना कळेना की आपण कुंपणाच्या आत आहोत की बाहेर. तारेवर गावभरची लुगडी वाळत होती. आतून खांबांना काठ्या टेकवून ठेवलेल्या. त्यांनी जवळ जाऊन पाहिलं. तारेला ठिकठिकाणी गळ अडकलेले होते, काल रविवारच्या गर्दीतले.

"हे काय आहे?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "गळ, साहेब. मागच्या रविवारपर्यंत ते माणसांना लागत होते."

हुकूम मोडलाय असं ते म्हणतील असं वाटलं. त्यांनी एक गळ बोटानं हलवून पाहिला. मग हातानं ऊन आडवून पूर्ण पट्टा पाहिला, पोहणारी पोरं, धुणाऱ्या बाया. बूट काढले, पँट वर केली आणि पाण्यात पाय टाकून उभे राहिले. बरं वाटत असावं, डोळे मिटले होते.

तेवढ्यात मालनबाई तिकडून म्हणाली, "साहेब, दुपारच्याला गड्यानं यायचं न्हाई हितं. तसा सरकारी हुकूम हाय."

साहेबांनी माझ्याकडं पाहिलं. मी आकाशाकडं. त्यांनी बूट हातात घेतले आणि अनवाणीच उतार चढून गेले. वर पोहोचल्यावर जीपमधून म्हणाले, "ठीक आहे, पाईकराव. उरलेली तार परत पाठवा."

१५ एप्रिल, सोमवार

काल जयंती झाली. कॉलनीत मिरवणूक निघाली, मालनबाईच्या घरची पोरं लेझीम खेळायला आली. आज सुट्टी घेतली.

दुपारनंतर गुलाबसिंग आला होता. म्हणाला, उस्तादानं एकदा संध्याकाळी तारेच्या आत, सगळ्यांसोबत बसावं. दुपारी लपून बसण्यात काय मजा. मंजुळानं नाही म्हटलं. संध्याकाळ म्हणजे स्वयंपाकाची वेळ.

मी तिच्याकडं बघत होतो. ती नाही म्हणाली, पण तोवर तिनं चार वेळा बाहेर ऊन किती कललं ते पाहिलं होतं.

मी म्हटलं, भाकरी मी करतो.

ती हसली. लग्नानंतर इतकी हसलेली मला आठवत नाही. म्हणाली, तुम्हाला पीठ मळता येतं का. मी म्हटलं, कॉन्क्रीटचा माल कालवता येतो, त्यात काय. तिनं कोपऱ्यातली काठी घेतली आणि डोक्याला टॉवेल न गुंडाळता, सरळ पदर खोचून, उतारानं गेली. ओसरीवरून दिसत होतं. तारेच्या आत बसलेले गळवाले बाजूला सरकले आणि मधे तिला जागा झाली. गुलाबसिंगनं आपलं पोतं झटकून तिला बसायला दिलं.

मी आत येऊन चूल पेटवली. पहिली भाकर तुटली. दुसरी तव्याला चिकटली. तिसरीला आकार नीट आला पण ती मधे कच्ची राहिली, म्हणून पुन्हा तव्यावर टाकली. बोटं भाजली. रोज एवढं करून बायका वर बोलतातही कशा, देव जाणे.

आत्ता, हे लिहीत असताना, खालून मोठा आरडाओरडा ऐकू आला. गुलाबसिंगचा आवाज ओळखू आला, मालनबाईचाही. ती या वेळेला तिथं काय करून राहिली कोण जाणे. बाकीचे सगळे एकाच वेळी ओरडत होते, मग एकदम चूप झाले, मग पुन्हा ओरडले. काहीतरी मोठं लागलं असावं, किंवा लागून सुटलं असावं.

जाऊन पाहावं असं फार वाटलं. दारापर्यंत गेलोही. पण चौथी भाकर तव्यावर होती, आणि ती मला पहिल्यांदाच फुगताना दिसली.